अँजिओप्लास्टी की हृदयाची लय: फेलोशिप कोणती घ्यावी?

हृदयरोगाचं मूळ प्रशिक्षण संपलं की पुढच्या फेलोशिपसाठी अनेक डॉक्टर दोन पर्यायांपाशी अडतात: इंटरव्हेन्शनल कार्डिऑलॉजी आणि इलेक्ट्रोफिजिऑलॉजी.

पहिलीत काम मुख्यतः रक्तवाहिन्यांचं. १९७७ साली आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी झुरिकमध्ये हृदयधमनीची पहिली फुग्याची अँजिओप्लास्टी केली. आज फेलो मनगटातून कॅथेटर म्हणजे बारीक नळी नेतो, बारीक वायर अडथळ्यापलीकडे सरकवतो, धमनी उघडी ठेवणारी जाळी म्हणजे स्टेंट बसवतो. मोठा हार्ट अटॅक आला की रुग्ण दारात आल्यापासून ९० मिनिटांच्या आत धमनी उघडायची धडपड असते, त्यामुळे रात्री-अपरात्री धावपळ ठरलेलीच. पण निकाल बऱ्याचदा टेबलावरच दिसतो: रक्त वाहू लागतं, छातीतली कळ ओसरते. याचं समाधान फार मोठं असतं.

इलेक्ट्रोफिजिऑलॉजीत काम हृदयाच्या लयीचं आणि ती चालवणाऱ्या विद्युत संकेतांचं. इथे कॅथेटर बहुधा जांघेतल्या शिरेतून जातात, पण खरी कसोटी पडद्यावरच्या रेघा वाचण्याची. कुठला संकेत आधी उमटला, हे काही मिलिसेकंदांच्या फरकावरून ओळखायचं आणि दोषी भाग तेवढा जाळायचा किंवा गोठवायचा. केस तासन्‌तास चालू शकते. सुरुवातीला सगळं डोक्यावरून जातं. त्याने खचू नये. पेसमेकर बसवणंही इथे शिकतात.

ईसीजीचं कोडं सुटेपर्यंत ज्याला चैन पडत नाही, त्याने बेधडक दुसरी वाट धरावी, असं माझं मत. आणि कुठलीही निवडा, रुग्णालयाच्या नावावर भाळू नका. तिथे फेलोच्या हाती कॅथेटर खरंच येतो, की तो नुसता बाजूला उभा राहतो, हे आधीच्या बॅचला विचारा.