जुनी गाडी ऑनलाइन घेताना थेट मालक की डीलर? माझं ओटीपीवर ठरलं

मी आत्तापर्यंत दोन जुन्या गाड्या घेतल्यात, दोन्ही ऑनलाइन जाहिरात बघूनच. एक ॲक्टिव्हा, २०२१ मधे, बायकोला क्लासला जायला, ती डीलरकडनं. दुसरी वॅगनआर, २०२४ मधे, ती थेट मालकाकडनं. आता धाकटा मेव्हणा स्विफ्ट शोधतोय आणि रोज रात्री जेवणं झाली की जाहिरातींचे स्क्रीनशॉट पाठवून विचारतो, दाजी ही खरी वाटते का. त्याला तुकड्या तुकड्यात सांगत होतो तेच इथे एकदा सलग लिहितो, अजून कुणाला उपयोग होईल म्हणून. आरसी बघा, इन्शुरन्स बघा, मेकॅनिक सोबत न्या हे सगळ्यांना माहितीये, त्यात शिरत नाही.

लोक साधारण असं धरून चालतात की ऑनलाइन थेट मालकाकडनं घ्यायचं म्हणजे फसवणूक आणि डीलरकडे दुकान आहे म्हणजे सेफ. पहिल्या अर्ध्या भागात तथ्य आहे, ते आधी सांगतो.

उघड चोरी थेट मालकवाल्या जाहिरातीतच होते. माझ्या मावसभावाचे ११ हजार गेले. २०१९ ची ॲक्टिव्हा, मागत होता २२ हजार, बाजारात तेव्हा तिचे ४५ च्या पुढे होते. समोरचा म्हणाला मी आर्मीत आहे, लोहगावला पोस्टिंग होतं, आता बदली झाली, गाडी कॅम्पातल्या पार्किंगमधे आहे त्यामुळे बाहेरच्या माणसाला दाखवता येत नाही, पण आर्मीच्या ट्रान्सपोर्टने घरपोच करतो. व्हॉट्सॲपवर युनिफॉर्ममधला फोटो, आधार, कॅन्टीन कार्ड, न मागताच सगळं पाठवलं. माझं मत असंय की न मागता कागद पाठवणारा विकणारा दिसला की तिथेच थांबावं, कारण खरा माणूस अनोळखी नंबरवर स्वतःचं आधार पाठवायला दहा वेळा विचार करतो. ते कार्ड बहुतेक आधी फसलेल्या दुसऱ्याच कुणाचं तरी असतं. मग ट्रान्सपोर्टचे २,१५० मागितले, ते भरले. मग गाडी गेटवर आलीय, जीएसटी भरा, डिलिव्हरीला परत मिळेल. मग इन्शुरन्सचं डिपॉझिट. असं करत ११ हजार. आता घरगुती मालकाने आपली स्कूटर विकली तर त्यावर जीएसटी लागतच नाही, जुन्या गाड्यांवरचा जीएसटी हा धंदा करणाऱ्या रजिस्टर्ड डीलरचा विषय आहे, तोही त्याच्या मार्जिनवर. एवढं एक माहीत असतं तरी दुसरा हप्ता वाचला असता. पण भाऊ शिकलेला आहे, इंजिनिअर आहे, आणि तरी भरत गेला, कारण पहिले २,१५० गेले की माणसाला ते वाचवायचे असतात.

अलीकडे अजून एक प्रकार आलाय, आरसीचे पेपर पाठवतो म्हणून एपीके फाइल पाठवतात. ती उघडायचीच नाही. कागद फोटोत येतो नाहीतर पीडीएफमधे येतो, ॲप इन्स्टॉल करायला लावणारा कागद नसतो.

तर मग खरा मालक ओळखायचा कसा? मी वॅगनआर शोधताना तीसेक फोन तरी केले असतील, त्यावरनं सांगतो, हे काही शास्त्र नाही. खरा मालक किंमत थोडी जास्तच सांगतो कारण गाडीवर त्याचा जीव असतो, भामटा हमखास कमी सांगतो. खरा मालक आपल्याला प्रश्न विचारतो, कुठे राहता, कोण चालवणार, बघायला कधी येताय. आणि त्याला घाई नसते, उलट रविवारी या म्हणतो कारण मुलगा घरी असतो. भामट्याकडे कायम दुसरं गिऱ्हाईक बसलेलं असतं.

मालक म्हणून बोलणारे एजंट हा तिसरा प्रकार, तो पकडायला एका मित्राने युक्ती सांगितली ती मला फार उपयोगी पडली. फोन लावायचा आणि गाडीचं नावच घ्यायचं नाही, नुसतं म्हणायचं की तुमची गाडी बघितली ऑनलाइन, आहे का अजून? एकच गाडी विकणारा लगेच हो म्हणतो. एजंट विचारतो, कुठली? माझ्या तीस फोनमधे निम्मे तरी कुठलीवाले निघाले. त्यांच्याकडनं घेऊ नये असं नाही, पण तो मालक नाही हे माहीत असलेलं बरं.

आता डीलर. फायदे खरे आहेत आणि ते मी नाकारत नाही. एका दुपारी दहा गाड्या बघून होतात, लोनचा माणूस तिथेच बसलेला असतो, जुनी गाडी एक्स्चेंजमधे घेतात, आणि भांडायला जायला पत्ता असतो. तुमचे पैसे घेऊन कुणी गायब होत नाही. तिथली फसवणूक वेगळी, हळू असते.

एका ठिकाणी २०१६ ची एक गाडी बघितली, मीटरवर ४२ हजार. आतनं चकाचक, सीट कव्हर नवीन, स्टीअरिंगला नवीन कव्हर. पण ब्रेक पेडलचं रबर बघितलं तर त्यावरच्या रेघा पार गुळगुळीत झालेल्या, एका कडेला रबर झिजून खालचा पत्रा दिसत होता. ४२ हजारात एवढं होत नाही. मग बॉनेट उघडायला लावलं तर आत कोपऱ्यात ऑइल चेंजचा छोटा टॅग लटकत होता, बॉलपेनाने लिहिलेला, पुढचं ऑइल ८८,००० ला. मी तो टॅग दाखवला तर सेल्समन म्हणाला तो दुसऱ्या गाडीचा असेल. हाताने टॅग काढून खिशात घातला त्याने माझ्यासमोर.

पाण्यात बुडालेल्या गाड्यांचंही तसंच. २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ ला चिपळूण, अशा पुरांत बुडालेली गाडी साफ करून, धुऊन, पॉलिश करून लांबच्या शहरात विकायला उभी करणं काही अवघड नाही. आतला सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, जो भाग कायम गुंडाळलेला असतो तिथे मातीची रेघ राहते. स्टेपनीच्या खालीही बोट फिरवून बघा. एमएच ०८, ०९, १० पासिंगची गाडी म्हणजे वाईट असं अजिबात नाही, माझे सासरे सांगलीचेच आहेत, पण बेल्ट ओढायला दोन सेकंद लागतात.

हे सगळं तरी डोळ्यांनी पकडता येतं. माझं मन डीलरवरनं उडालं ते वेगळ्याच गोष्टीने, आणि ती गोष्ट बहुतेक तुलनांमधे कुणी लिहीत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ॲक्टिव्हा घेतली तेव्हा डीलरने सांगितलं टीटी फॉर्मवर, म्हणजे नाव बदलायच्या ट्रान्सफर फॉर्मवर, मालकाच्या सह्या झालेल्या आहेत, महिन्याभरात तुमच्या नावावर करून देतो. फॉर्म २९ आणि ३० दाखवले, सह्या होत्या, विकत घेणाऱ्याचं नाव कोरं. मी निवांत. महिना झाला, दोन झाले. फोन केला की साहेब आरटीओला गर्दी आहे, सर्व्हर डाउन आहे. तिसऱ्या महिन्यात मी स्वतःच दुकानात जाऊन बसलो तेव्हा कळलं की परिवहनच्या साइटवर ट्रान्सफरचा अर्ज टाकताना आरसीला जोडलेल्या मोबाइल नंबरवर ओटीपी जातो, आणि तो नंबर मूळ मालकाचा, आणि मूळ मालक बंगळुरूला गेलेला आणि त्याने ते सिम बंद केलेलं. डीलरनेही ती गाडी दुसऱ्या एजंटकडनं घेतलेली, त्यामुळे मालकाला त्याने कधी बघितलंच नव्हतं. म्हणजे गाडी तीन हात फिरली आणि कागदावर जागची हलली नाही.

एकूण सात महिने लागले. सात महिने बायको दुसऱ्याच्या नावावरची गाडी चालवत होती. चलनाचे मेसेज त्या बंद नंबरवर जात होते, मी साइटवर नंबर टाकून बघितलं तेव्हा सात चलनं निघाली, दोन आमची आणि पाच आम्ही गाडी घ्यायच्या आधीच्या तारखांची. डीलर म्हणाला ती तुमच्याच काळातली असतील. तारीख समोर स्क्रीनवर दिसत होती तरी. शेवटी सगळी मीच भरली कारण त्याशिवाय काम पुढे सरकेना. पैशाचं एवढं काही वाटलं नाही. पण त्या सात महिन्यांत गाडी कुठे धडकली असती तर? कायद्याने नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या एका निकालात हेच सांगितलंय, त्या केसमधेही गाडी अशीच हातोहात विकत गेली होती आणि भरपाईची जबाबदारी कागदावरच्या मूळ मालकावर आली. म्हणजे बंगळुरूतला तो बिचारा माणूस, ज्याने आम्हाला कधी पाहिलं नाही, तो आमच्यामुळे अडकला असता. मला खरंच चैन पडायची नाही बायको संध्याकाळी घरी येईपर्यंत.

नियम नंतर बदललेत हे सांगायला पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं ऑथरायझेशन सर्टिफिकेट घ्यावं लागतं आणि गाडी ताब्यात घेतल्याचं फॉर्म २९ सी भरून कळवलं की मग डीलरच तिचा मालक मानला जातो. असं सर्टिफिकेट असलेला डीलर मिळाला तर माझा वरचा अनुभव तुम्हाला येणार नाही कदाचित. मी २०२४ मधे ज्या चार-पाच छोट्या डीलरना हे विचारलं त्यातल्या एकानेच कागद दाखवला, बाकीच्यांनी विषय बदलला. तुमच्या भागात वेगळं चित्र असू शकतं.

त्यामुळे वॅगनआरच्या वेळी मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचो. ट्रान्सफरचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येणार, आणि तो माणूस आत्ता कुठे आहे? भामटा यावर गडबडतो किंवा फोन ठेवतो. एजंट म्हणतो ते आमच्यावर सोडा. आणि चिंचवडचे एक रिटायर्ड काका म्हणाले, माझ्याच फोनवर येणार की, कुठे येणार अजून.

त्यांच्याकडेही सगळं सरळ नव्हतं हां. एमपरिवहनवर गाडीचा नंबर टाकला तर बँकेचा बोजा दिसत होता. काका म्हणाले कर्ज तर २०१९ लाच फिटलं. फिटलं होतं, पण एनओसी आणून बोजा उतरवायचा राहून गेला होता, अनेकांचं राहतं ते. मग ते स्वतः बँकेत दोन खेपा घालून एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आले, त्यात बारा दिवस गेले. आधी एका डीलरकडे दुसऱ्या गाडीवर असाच बोजा निघाला होता तर तो म्हणाला होता ते होऊन जाईल, तुम्ही टोकन टाका. थेट मालकाकडनं घेण्यात ही कटकट आहेच, सगळी पळापळ तुमची तुम्ही करायची, वॉरंटी नाही, लोन पाहिजे तर बँकेत तुम्हीच जायचं. रविवार जातात. मी सुट्ट्या टाकल्या दोन.

पण काकांच्या घरी बसून त्यांच्याच मोबाइलवर डिजिलॉकर उघडून आरसी बघितली, त्यावरचं नाव, दारावरची पाटी आणि बँकेच्या पासबुकावरचं नाव एकच, चेसिस नंबर खाली उतरून ताडून घेतला. त्यानंतर पाच हजार टोकन दिलं, त्याआधी एक रुपया नाही. सगळे पैसे त्यांच्याच खात्यावर, मुलाच्या नाही. वीस हजार नाव चढेपर्यंत मागे ठेवायचे असं साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या, काका त्यावर जराही रागावले नाहीत. अर्ज टाकला तेव्हा मी माझ्या घरी लॅपटॉपवर आणि ते फोनवर, चष्मा शोधून त्यांनी सहा आकडे दोनदा वाचून दाखवले. महिन्याच्या आत आरसी स्पीड पोस्टने घरी. इन्शुरन्स चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायला लागतो, तेवढं विसरू नका, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही.

मोठ्या कंपन्यांच्या ॲपवरनं घ्यायचा पर्यायही आहे, फिक्स किंमत, काही दिवसांत परत करायची सोय, ट्रान्सफर तेच करतात. मी त्यांच्याकडनं घेतलेली नाही त्यामुळे फार बोलत नाही, सेम मॉडेल तिथे मला काकांपेक्षा चाळीस-पन्नास हजारांनी महाग दिसत होतं. वेळ अजिबात नसेल तर ते पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही.

आणि गाडी दुसऱ्या जिल्ह्यातली असेल, तुम्हाला दोन-तीन वेळा जाणं जमणार नसेल किंवा लोनशिवाय घेता येणार नसेल, तर सर्टिफिकेटवाला डीलर बघा, थेट मालकाचा हट्ट धरू नका. न बघता लांबनं टोकन पाठवणं मात्र दोन्हीकडे नको. कुणाचे पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितका लवकर तितकी खात्यात रक्कम अडवता येण्याची शक्यता. मावसभाऊ दोन दिवस घरी कुणाला बोललाच नाही आणि तोवर पैसे निघून गेले होते.

मेव्हण्याला कालच भोसरीतली एक स्विफ्ट सापडलीय, मालक स्वतः बोलला, किंमत थोडी जास्त सांगतोय. रविवारी बघायला जातोय आम्ही.