हात जळू नये म्हणून : एमसीटी-एलसीटी प्रोपोफॉल वापरल्यानंतरचे मत

‘आता हाताला थोडी आग होईल आणि मग झोप लागेल,’ हे वाक्य मी गेली अनेक वर्षे रुग्णांच्या कानाशी वाकून म्हणत आले आहे. प्रोपोफॉल, म्हणजे भूल देताना झोप आणणारे शिरेतून द्यायचे औषध, देणाऱ्या जवळजवळ प्रत्येक भूलतज्ज्ञाच्या तोंडी ते बसलेले असते, आणि पूर्वसूचना दिली की आपली जबाबदारी संपली, असे आपण नकळत धरून चालतो. तीन-चार लहान रुग्णालयांत भूल देण्यासाठी फिरताना मी गेले दीड वर्ष साध्या प्रोपोफॉलऐवजी शक्य तिथे एमसीटी-एलसीटी प्रकारचे, म्हणजे दोन प्रकारच्या स्निग्धांशांत मिसळलेले, प्रोपोफॉल वापरते आहे. ‘वेदनारहित’ म्हणून ते विकले जाते. त्यात कितपत तथ्य आहे, हे इतर भूलतज्ज्ञांना आणि शस्त्रक्रियेला सामोरे जाणाऱ्या वाचकांनाही कळावे, म्हणून हे लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हे मत एका कंपनीच्या मालाबद्दल नसून या प्रकारच्या औषधाबद्दल आहे.

प्रोपोफॉल पाण्यात विरघळत नाही, ही या सगळ्याची मूळ अडचण आहे. 1977 साली माणसांवर त्याच्या पहिल्या चाचण्या झाल्या, तेव्हा ते क्रेमोफोर नावाच्या द्रावकात मिसळलेले होते. त्याने तीव्र अॅलर्जीच्या प्रतिक्रिया येऊ लागल्याने तो प्रयत्न सोडावा लागला. पुढे सोयाबीन तेल, अंड्यातील लेसिथिन आणि ग्लिसरॉल यांचे दुधासारखे पांढरे इमल्शन करून 1986 साली ते बाजारात आले आणि भूल देण्याची रीतच बदलली. इयन ग्लेन या स्कॉटिश पशुवैद्यकाने आयसीआय कंपनीत हे काम केले आणि त्यासाठी त्यांना 2018 साली वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला. मात्र या इमल्शनमधील सगळे प्रोपोफॉल तेलाच्या थेंबांत बसत नाही. अगदी थोडा अंश बाहेरच्या पाण्यात मोकळा राहतो, आणि शिरेच्या आतल्या अस्तराला झोंबतो तो हाच अंश. काही रुग्णांना आग लगेच जाणवते, तर काहींना दहा-वीस सेकंदांनी, कारण तिथे ब्रॅडिकायनिन हे वेदना वाढवणारे शरीरातलेच द्रव्य तयार होऊन शीर अधिक हळवी होते.

एमसीटी-एलसीटी प्रकारात सोयाबीन तेलातील लांब साखळीच्या (एलसीटी) स्निग्धांशांबरोबर नारळाच्या किंवा पाम कर्नेलच्या तेलापासून मिळणारे मध्यम साखळीचे (एमसीटी) स्निग्धांशही वापरलेले असतात. त्यामुळे प्रोपोफॉल तेलात अधिक सामावते आणि पाण्यातील मोकळा अंश बराच घटतो. हे तर्कशास्त्र खरे आहे, याचा पुरावा उलट बाजूनेही मिळालेला आहे : तेल पूर्णपणे वगळून बनवलेल्या सूक्ष्म-इमल्शनमध्ये मोकळे प्रोपोफॉल कितीतरी जास्त होते, आणि ते टोचल्यावर होणारी वेदनाही साध्या इमल्शनपेक्षा जास्त निघाली.

प्रत्यक्षात फरक जाणवतो का? जाणवतो, आणि तो स्पष्ट आहे. साधे प्रोपोफॉल हाताच्या पाठीवरच्या शिरेतून देताना मी रुग्णाच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या बोटांकडे पाहते. आधी अंगठा आत वळतो, मग मूठ आवळली जाते आणि काही जण कोपरातून हात खेचून घेतात. तेवढ्यात सिस्टर सलाईनची नळी घट्ट धरतात. नव्या औषधाने हे दृश्य पुष्कळ कमी झाले. बऱ्याच रुग्णांच्या कपाळावर नुसती आठी उमटते आणि विरते.

तरीही ‘वेदनारहित’ हा शब्द मला मान्य नाही. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या एका ताईंच्या हातावर शिरा जवळजवळ दिसतच नव्हत्या. मनगटाजवळच्या बारीक शिरेत कशीबशी निळी, म्हणजे 22 नंबरची सुई बसली होती. नवे औषध आहे म्हणून मी निर्धास्त होते आणि त्या दिवशी लिग्नोकेन हे शीर बधिर करणारे औषध आधी दिले नाही. जेमतेम तीन मिली आत गेले असेल, तोच त्या ‘डॉक्टर, हात जळतोय, थांबा, थांबा’ म्हणून कळवळल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची विचारपूस करायला गेले, तेव्हा पोटाच्या टाक्यांबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती. त्यांना आठवत होती ती फक्त ती आग. झोपण्यापूर्वीची शेवटची जाणीव ती असावी, याचे मला फार वाईट वाटले. चूक औषधाची नव्हती. बाटलीवरच्या एका शब्दावर विसंबून मी नेहमीची खबरदारी सोडली, ही चूक माझी होती.

त्यानंतर मी जे करू लागले, त्यात नवे असे काहीच नाही. 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलने 177 चाचण्यांचा आणि पंचवीस हजारांहून अधिक प्रौढ रुग्णांचा एकत्रित आढावा छापला होता. काहीही उपाय न करता प्रोपोफॉल दिले, तर दहापैकी सुमारे सहा जणांना वेदना होते, असे त्यात दिसले. सर्वांत प्रभावी ठरले ते दोन उपाय : कोपराच्या खळगीतील मोठी शीर वापरणे, किंवा हाताचीच शीर वापरायची असेल, तर वर पट्टा बांधून आधी लिग्नोकेन देणे. औषधाचा प्रकार बदलण्याचाही उपयोग होतो, पण या दोहोंइतका नाही. मोठ्या शिरेत रक्ताचा प्रवाह जास्त असल्याने औषध लगेच पातळ होते आणि भिंतीला कमी भिडते, इतके साधे हे कारण आहे.

खळगीतल्या शिरेबद्दल मात्र मी हात राखूनच सांगेन. कोपर वाकला की सलाईन अडते, आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हात अंगालगत चादरीखाली गेला की औषध शिरेबाहेर जाऊन सूज आली तरी ती पटकन दिसत नाही. म्हणून मी मनगट आणि कोपर यांच्या मधल्या भागात सरळ, जाड शीर शोधते आणि तिथे हिरवी किंवा गुलाबी, म्हणजे निळीपेक्षा जाड सुई लावते. वॉर्डातून येताना हाताच्या पाठीवर लागलेली सुई तशीच वापरून मोकळे होण्याचा मोह होतो, पण ते दोन मिनिटांचे जास्तीचे काम रुग्णाला खूप सुखाचे जाते.

लिग्नोकेनची रीत अशी : सुईच्या वर, हाताच्या मध्यावर रबरी पट्टा बांधायचा, सलाईन बंद करायचे, परिरक्षक नसलेले 2 टक्के लिग्नोकेन साधारण दोन मिली, म्हणजे 40 मिलिग्रॅम, सावकाश द्यायचे आणि घड्याळाकडे पाहून पूर्ण मिनिटभर थांबायचे. मग पट्टा सोडून प्रोपोफॉल द्यायचे. हा मिनिट घाईच्या यादीत कुणालाच नको असतो. सर्जन हात धुऊन उभे असतात, सिस्टर ट्रॉली मांडून तयार असतात. मी तेवढ्या वेळात रुग्णाला दीर्घ श्वास घ्यायला सांगते. एरवीही शस्त्रक्रियेआधी ऑक्सिजन द्यायचाच असतो, त्यामुळे वेळ वाया जात नाही. हा प्रकार आणि नवे औषध यांची जोड दिली, तेव्हा कित्येक रुग्ण बोलता बोलता शांतपणे झोपलेले मी पाहिले आहेत. पेण की पनवेल, कुठून आलात, या प्रश्नाचे उत्तर अर्ध्यात थांबते आणि बोटे सैल पडलेली असतात.

पट्टा बांधणे शक्य नसेल, तर लिग्नोकेन प्रोपोफॉलच्याच सिरिंजमध्ये मिसळतात. त्यानेही फायदा होतो, पण ते मिश्रण आयत्या वेळी करून लगेच द्यावे. सकाळीच सगळ्या सिरिंजा भरून ठेवल्या, तर इमल्शन फुटून तेलाचे थेंब एकत्र येऊ लागतात, आणि ते शिरेत जाणे धोक्याचे आहे. भरून ठेवण्याला दुसरीही हरकत आहे : स्निग्धांशात जंतू झपाट्याने वाढतात. बाटली उघडली की त्याच रुग्णासाठी वापरावी आणि उरलेले टाकून द्यावे. याबाबतीत नवे औषध जुन्यापेक्षा जराही निराळे नाही.

लहान मुलांसाठी मी नवे औषध आग्रहाने मागते, कारण त्यांच्या शिरा बारीक असतात आणि आग झाली की ती हात झटकतात. पण मुलांची अर्धी भीती सुईची असते. तिच्यासाठी लिग्नोकेन-प्रायलोकेनचे क्रीम तासभर आधी लावून वर प्लॅस्टिकची पट्टी चिकटवली, तर टोचणे कळत नाही. क्रीम ऑपरेशन थिएटरच्या दारात लावून काही साधत नाही. तो तास वॉर्डातच मोजावा लागतो.

किंमत हा शेवटचा मुद्दा. मला हे प्रोपोफॉल साध्यापेक्षा महाग मिळते, आणि लहान रुग्णालयांत तो फरक रुग्णाच्याच बिलात जातो. शीर चांगली असेल आणि लिग्नोकेनला मिनिटभर देण्याची तयारी असेल, तर प्रौढ रुग्णासाठी साधे प्रोपोफॉल पुरेसे आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. बारीक शिरांचे रुग्ण, मुले, आणि आधीच्या शस्त्रक्रियेत आग झाल्याचे सांगणारे रुग्ण यांच्यासाठी जास्तीचे पैसे सार्थकी लागतात. माझ्या बॅगेत आता दोन्ही प्रकार असतात, रबरी पट्टा वरच्याच कप्प्यात असतो, आणि तपासणीच्या वेळी मी प्रत्येकाला विचारते : मागच्या वेळी भूल देताना हात दुखला होता का?