ढेकूण मारायला दिलेले १०,४५० रुपये

१०,४५० रुपये गेले आणि ढेकूण घरातच आहेत. लिहायची लाज वाटते, पण हीच लाज मला नडली म्हणून लिहिते आहे.

लेकीच्या दंडावर सकाळी ओळीने तीन-चार गांधी दिसायच्या. पंधरा दिवस आम्ही डासांनाच दोष देत राहिलो. मग चादर बदलताना गादीच्या शिवणीत काळे ठिपके दिसले, बॉलपेनची शाई झिरपावी तसे. शिवण ताणली तर आत फिकट सालं आणि सफरचंदाच्या बीएवढा एक चपटा ढेकूण. ठिपके म्हणजे त्यांची विष्ठा, सालं म्हणजे टाकलेली कात. एवढं दिसलं की खात्रीच समजा.

शेजारी विचारायचं धाडस झालं नाही. ढेकूण म्हटलं की लोक घर घाणेरडं ठरवतात. वास्तविक ते प्रवासाच्या बॅगेतून नाहीतर जुन्या फर्निचरमधून येतात, घर कितीही लख्ख असो. पण तीन रात्री दिवा लावून बसलेल्या माणसाला हे सुचत नाही. इंटरनेटवर सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला आणि १,५०० रुपये ॲडव्हान्स पाठवून दिले.

दोघे आले. "मॅडम, पूर्ण घरात पसरलंय, एका खोलीने भागणार नाही. हर्बल औषध आहे, वास नाही, काही हलवायची गरज नाही. एक वर्षाची गॅरंटी." आणखी ६,२०० दिले. वीस मिनिटांत पंप फिरवून झाला. मग एकाने सिरिंज काढली आणि पलंगाच्या पायांवर, किचन ट्रॉलीच्या बिजागऱ्यांवर तपकिरी जेलचे थेंब ठेवले.

इथेच मला कळायला हवं होतं! ते जेल झुरळांचं. झुरळ ते खातं आणि मरतं. ढेकूण रक्ताशिवाय काही खातच नाही, तो त्या थेंबाकडे कशाला जाईल? सासूबाई दारातून म्हणाल्यासुद्धा, "अगं, ह्यांनी गादी तर उचललीच नाही." मी त्यांनाच गप्प केलं. "आई, त्यांचं रोजचं काम आहे, त्यांना कळतं." हे वाक्य मला अजून टोचतं.

आठव्या दिवशी पुन्हा गांधी. फोनवर उत्तर तयार होतं: "अंडी फुटली मॅडम, स्ट्राँग डोस लागेल, २,७५०." अर्धं खरं होतं म्हणून मी फसले. बहुतेक फवाऱ्यांनी अंडी मरत नाहीत, ती आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी करावीच लागते. पण ती पहिल्याच पैशांत धरलेली असायला हवी. पैसे गेले, माणूस आला नाही, नंबर बंद. गॅरंटी कार्डावर पत्ता नाही, सही नाही. लायसन्स नंबर आधी मागा. पेस्ट कंट्रोलला कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो, हे मला पैसे गेल्यावर कळलं.

पोलीस चौकीत गेले. "सेवा घेतली ना तुम्ही? मग फसवणूक कसली, ग्राहक न्यायालयात जा." वर दोघं हवालदार हसले, "ढेकणांची तक्रार!" माझे दहा हजार गेले होते, लेकीच्या अंगावर खाजवून जखमा झाल्या होत्या. वॉर्ड ऑफिसमध्ये सांगितलं, आम्ही डासांचं बघतो, घरातले ढेकूण आमच्याकडे येत नाहीत. तिथून दुसऱ्या टेबलावर, तिथून उद्या या. तीन अर्ध्या रजा गेल्या आणि कागदावर एक शब्द उतरला नाही. सगळे विचारतात, बिल आहे का? फसवणारा पक्कं बिल देत नाही, हे त्यांना माहीत नाही? म्हणून बिलाशिवाय एक रुपया देऊ नका. ॲडव्हान्स तर नाहीच. पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट आणि चॅट पुसू नका. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. माझा अर्ज तयार आहे, पण प्रतिवादीचा पत्ता काय लिहू?

मधल्या काळात एकाने धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या खोलीत ठेवून दार बंद करायला सांगितलं. कृपा करून असलं काही करू नका. त्या गोळ्यांच्या वायूने घरातली, अगदी शेजारच्या घरातलीही माणसं मेली आहेत. रॉकेलही ओतू नका, आग लागेल. आणि दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ नका, ढेकूण मागोमाग तिथे येतात. आम्ही तेही केलं.

आता परवाना दाखवून एक जण आलाय. त्याने पंप हातात घेण्याआधी स्क्रू ड्रायव्हर काढला, पलंगाचं डोकं सोडवलं आणि टॉर्च मारला. फटीत पांढरी अंडी चिकटलेली, जेमतेम मिलिमीटरभर. चादरी-कपडे उकळत्या पाण्यातून काढून पिशव्यांत घट्ट बांधायला लावले, दुसऱ्या फेरीची तारीख बिलावरच लिहून दिली. ती फेरी रविवारी आहे. सासूबाई म्हणाल्या, "या वेळी मी उभी राहते."