धावदोरा मशीनचा, जोड माझा: लातूरच्या वाकळ शिवून देणाऱ्या दुकानाचा अनुभव

गेल्या आठ महिन्यांत मी औशाहून लातूरला तीनदा वाकळीचं गठुडं घेऊन गेले. गंजगोलाईपासून चालत दहा मिनिटांवर एक दुकान आहे. दारावर 'जुन्या साड्यांची गोधडी शिवून मिळेल' एवढीच पाटी. आत कॉम्प्युटरवर चालणारी लांबलचक मशीन, ती चालवणारा पंचविशीतला मुलगा आणि कडेला गोट घालत बसलेली त्याची आई. सिंगलचे पाचशे, डबलचे साडेसातशे, थर जास्त असले तर शंभर वाढीव. दोन वाकळा शिवून आणल्या, तिसरी तशीच परत आणली. तिन्ही वेळचा अनुभव वेगळा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली वाकळ मी मायच्या पद्धतीनं घेऊन गेले आणि तिथंच चुकले.

आमच्याकडं वाकळ शिवताना जोडणं आणि दोरा भरणं ही दोन कामं कधी नव्हतीच. माय अंगणात जुनं लुगडं अंथरायची, चारी टोकांवर दगड ठेवायची, पोटात मऊ झालेल्या धोतरांचे, साड्यांचे थर घालायची. वर कापडाचे तुकडे मांडायचे, कडा बोटानं आत मुडपायच्या आणि थेट धावदोरा सुरू. कडेपासून आत, चौकोनात चौकोन, मध्यापर्यंत. तुकडा ज्या टाक्यानं जागेवर बसायचा, त्याच टाक्यानं सगळे थर एकमेकांना धरायचे. तुकडे निवडायला एक दुपार पुरायची, दोरा भरायला चैत्र आणि वैशाख दोन्ही जायचे. शेजारच्या बाया तासभर येऊन बसायच्या, आपापली बाजू धरायच्या. कोणाचा टाका बारीक, कोणाचा लांब, हे वाकळीवर नंतरही ओळखू यायचं.

मी तसेच तुकडे मांडले, कच्च्या टाक्यांनी टाचले आणि दुकानात नेले. मुलानं बघूनच सांगितलं, "काकू, हे असं नाही चालायचं. वरचा कपडा अखंड पाहिजे, नाही तर मशीनचा पाय कडेत अडकतो." मी हट्ट केला. त्यानं शिवून दिली. तीन ठिकाणी तुकडे गोळा झाले, एका जागी कड उलटली. त्यानं शंभर रुपये कमी घेतले. चूक माझी होती, पण आधी सांगितल्यावर त्यानं काम घ्यायलाच नको होतं, असं मला अजून वाटतं.

घरी येऊन बराच विचार केला. आपल्या शिलाई मशीनवर अख्खी वाकळ का होत नाही, हे शिवणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. सुई आणि खांब यांच्यात जेमतेम वीतभर जागा. मध्यापर्यंत पोचायचं तर उरलेली वाकळ गुंडाळून त्या वीतभर फटीत कोंबावी लागते. या मोठ्या मशीनला ती अडचण नाही. वाकळ चौकटीवर ताणलेली राहते आणि सुईचं डोकं रुळांवरून तिच्यावर फिरतं. नक्षी आधी कॉम्प्युटरमध्ये भरलेली. माझ्या डोळ्यांसमोर डबलची वाकळ पाऊण तासात झाली. मायचे दोन महिने, इथं पाऊण तास. पण त्या पाऊण तासाची एक अट आहे: वरचा थर आधीच पूर्ण जोडलेला, सपाट आणि काटकोनात हवा. म्हणजे जे काम आमच्याकडं वेगळं नव्हतंच, ते आता सगळ्यात मोठं काम झालं.

अमेरिकेत या दोन कामांची फारकत जुनीच आहे. तिकडं वरचा जोड एकीनं करायचा आणि टाके दुसरीनं घालायचे, हे सर्रास चालतं. मशीनच्या टाक्यांना कलेत धरायचं की नाही यावर तिथंही बराच वाद झाला. 1989 साली केंटकी राज्यातल्या पडुका गावच्या मोठ्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट या बाईंच्या मशीनवर टाके घातलेल्या गोधडीला पहिल्यांदा सर्वोच्च बक्षीस मिळालं, तेव्हा हातानं शिवणाऱ्या कित्येकींना ते रुचलं नव्हतं. त्यांचं दुःख मला समजतं. बक्षीस मात्र योग्यच होतं असं आता वाटतं, कारण दुसऱ्या वाकळीनं मला जे शिकवलं ते त्याआधी माझ्या गावीही नव्हतं.

दुसरी वाकळ भाचीच्या बाळासाठी होती. दोरा आपल्याला भरायचा नाही म्हटल्यावर मी सगळा जीव जोडावर लावला. गोल पात्याची सुरी मागवली, कापडावरून चाकासारखी फिरते. 1979 साली ओल्फा या जपानी कंपनीनं ती बाजारात आणली. खाली चौकडीची चटई, वर जाड पारदर्शक पट्टी, आणि चार थर एका दमात सरळ कापले जातात. आजवर मी कात्रीनं कापत होते, प्रत्येक तुकडा थोडा तिरका. मायच्या वाकळीत ते खपायचं, कारण टाका घालता घालता ती कड सांभाळून घ्यायची. मशीन सांभाळून घेत नाही. एका शिवणीत एक सूत कापड जास्त गेलं, तर बारा शिवणींत दीड इंचाचा फरक पडतो आणि वाकळ एका बाजूनं आखडते. पाव इंचाची शिवण धरायला मला पंधरा दिवस लागले. आईच्या इरकलीचे काठ, सासूबाईंची जांभळी सुती साडी, माझ्या शाळेतल्या नोकरीच्या काळातल्या दोन फिक्या साड्या. कोणता रंग कोणाशेजारी बसतो हे बघत मी तुकडे पलंगावर मांडून रात्र रात्र ठेवायचे, सकाळी बदलायचे. त्रिकोणाला त्रिकोण जोडून चांदणी करणं मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले. मायला यासाठी कधी वेळच मिळाला नाही. तिच्याकडं दोन महिने होते, पण ते दोऱ्यात जायचे.

ही वाकळ दुकानातून आली तेव्हा मी तिथंच खुर्चीवर बसून राहिले. चांदण्या जागच्या जागी, टाका एकसारखा, गोट तर त्या मुलाच्या आईनं इतका सुबक घातला होता की कोपरे बोट फिरवून बघावेत.

तक्रारी दोन. उलटी करून पाहिली तर खालच्या अस्तराला एक चुणी शिवणीत दबलेली होती, टीचभर. अस्तर चारी बाजूंनी चार-चार इंच मोठं लागतं, तरच ते चौकटीवर नीट ताणता येतं. माझं दोन बाजूंनी कमी पडलं होतं. हे घेतानाच मोजून सांगायला हवं होतं. दुसरी तक्रार जास्त मोठी: वेलीची नक्षी फार दाट निवडली गेली. मशीनचा टाका वरच्या आणि खालच्या दोन दोऱ्यांचा, घट्ट बसणारा. त्यात दोरा पॉलिस्टरचा. ओळी जवळ जवळ आल्या की वाकळ पुठ्ठ्यासारखी होते, अंगाला बिलगत नाही. हातच्या धावदोऱ्यात एकच सुती दोरा वर-खाली जातो, थरांना हलायला जागा राहते, म्हणून मायची वाकळ अंगावर घेतली की अंगाचीच होते. बाळाची वाकळ तीन धुण्यांनंतर जरा मऊ आली. तुम्ही गेलात तर विरळ नक्षी मागा, ओळींत तीन बोटांचं अंतर सांगा, आणि सुती दोरा आपला घेऊन जा. तो लावून देतो, फक्त आधी विचारावं लागतं.

तिसऱ्या वेळी मी मायची वाकळ घेऊन गेले.

ती 1993 च्या आधीची आहे. 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्यानंतर कित्येक रात्री आम्ही घराबाहेर काढल्या. तेव्हा आम्ही तीन भावंडं या एका वाकळीखाली असायचो. कापड अजून धड आहे, पण दोरा जागोजागी कुजून तुटलाय आणि पोटातले थर एका कोपऱ्यात सरकलेत. मला वाटलं, वरून मशीन फिरवून घेतली की अजून वीस वर्षं टिकेल. साडेसातशे मी हातात काढूनच ठेवले होते.

मुलानं वाकळ टेबलावर पसरली. बराच वेळ हात फिरवत राहिला. मग आईला हाक मारली. बाईंनी चष्मा लावून एका कडेचे टाके बघितले आणि म्हणाल्या, "ताई, कामून मशीन मारायलात ह्याच्यावर? हे हात दिसायचे न्हाईत मग." मुलगा म्हणाला, "काकू, मला करता येतं, पण मी करणार नाही. तुटलेल्या ओळीतनंच हातानं दोरा घाला, जुनी भोकं दिसतात बघा." खरंच दिसत होती. पैसे घेतले नाहीत, वर जाड सुती दोऱ्याचं एक रीळ दिलं.

पहिल्या दिवशी नको ते काम घेणारा हाच मुलगा. पाचपैकी चार देते, एक त्या चुणीसाठी आणि न विचारता लावलेल्या पॉलिस्टर दोऱ्यासाठी राखला. शनिवारी गर्दी असते, मंगळवारी-बुधवारी जा. काम आठ दिवसांत मिळतं, लग्नसराईत पंधरा.

मायच्या वाकळीच्या अकरा ओळी भरून झाल्यात. शेजारच्या खोलीत नवा जोड मांडलाय, मोठ्या चौकोनांचा, हिरव्या आणि विटकरी रंगाचा. मध्यभागी दीड फूट जागा मशीनला सोडायला सांगितली आहे, तेवढा धावदोरा मी घालणार. मुलगा म्हणाला की नक्षी त्या जागेभोवतीनं वळवता येते, पैसे तेवढेच. अस्तर यावेळी मोजून घेतलंय.