रॅम दुप्पट केली आणि गेम रांगायला लागला: सात महिन्यांचा अनुभव

रॅम ८ जीबीची १६ केली आणि त्याच रात्री जीटीए ५ आधीपेक्षा वाईट चालला. सेटिंग तीच, १०८० पी, सगळं नॉर्मलवर. आधी ५५ च्या आसपास एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) मिळायचे, ते ३५ वर आले. गाडी जोरात वळवली की चित्र क्षणभर थिजायचं.

पीसी २०२२ चा. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, बी४५० चिपसेटचा, रॅमसाठी दोन स्लॉटवाला मदरबोर्ड, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. तेव्हा बजेटच तेवढं होतं. रॅम ४-४ जीबीच्या दोन स्टिक, २६६६ वेगाच्या. त्यातले २ जीबी बायोसमधून (बोर्डाच्या मूळ सेटिंगमधून) ग्राफिक्सला दिलेले, म्हणजे विंडोजला उरायचे सहा. मागे क्रोम उघडं राहिलं की गेम अडकायचा, म्हणून रॅम वाढवायची ठरवली. दुकानदार म्हणाला, "१६ ची एकच घ्या, एक स्लॉट मोकळा राहील, पुढे कामाला येईल." मलाही पटलं. जुन्या दोन्ही स्टिक लगेच विकूनही टाकल्या. हा शहाणपणा पुढे नडला.

मग तीन आठवडे नको तिथे घालवले. ड्रायव्हर काढून परत टाकले, विंडोज नव्याने टाकलं, थर्मल पेस्ट बदलली. एका रिपेअरवाल्याने पाच मिनिटांत निकाल दिला की प्रोसेसरच कमी पडतोय, कार्ड घ्या. अहो, हाच प्रोसेसर महिन्यापूर्वी पुरत होता!

उत्तर टास्क मॅनेजरमध्येच होतं. परफॉर्मन्स, मग मेमरी. स्पीड २४००, स्लॉट दोनपैकी एक वापरात. स्टिकच्या पाकिटावर मात्र ३२०० छापलेलं.

५६००जीमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमवरच जगतं. त्यामुळे रॅम किती आहे याइतकंच तिथून डेटा किती वेगाने येतो हेही महत्त्वाचं. डीडीआर४ या रॅमचं एक चॅनल, म्हणजे रॅम ते प्रोसेसरची एक वाट, एका खेपेला ८ बाइट नेतं; २६६६ म्हणजे सेकंदाला तेवढ्या दशलक्ष खेपा. जुन्या दोन स्टिक दोन चॅनलवर होत्या, म्हणजे सेकंदाला साधारण ४२.७ जीबी. नवी एकटी, म्हणून एकाच चॅनलवर, तीही २४०० वर: १९.२ जीबी. मी गोदाम मोठं केलं आणि रस्ता निम्म्याहून अरुंद.

बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम पाकिटावरच्या वेगाने चालवणारं सेटिंग) चालू केलं, रॅम ३२०० वर आली, एफपीएस चाळिशीत. पुढच्या पगाराला तशीच दुसरी १६ ची स्टिक आणली. सीपीयू-झेड या पीसीची माहिती दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये चॅनलसमोर ड्युअल (दोन) दिसलं, आणि त्याच रस्त्यावर, त्याच वळणावर ६५. खरं तर ८-८ च्या दोन घेतल्या असत्या तरी भागलं असतं. ३२ जीबी मला लागत नाहीत, पण घोडचुकीची किंमत म्हणायची. वेगळं कार्ड असलेल्यांना हा फटका एवढा बसत नाही, कारण कार्डाची मेमरी कार्डावरच असते.

तेव्हापासून मे महिनासुद्धा प्रोसेसरसोबत आलेल्या कूलरवर निघाला. नवे जड गेम अजूनही ३० च्या वर जायला कुरकुरतात, ती अपेक्षाही नाही.

मध्ये एकदा मात्र धडकी भरली. एका सकाळी पीसी लावला तर तारीख काही वर्षं मागची, ब्राउझर एकही साइट नीट उघडेना, आणि गेम पुन्हा संथ. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला होता, त्यासोबत एक्सएमपीचं सेटिंगही गेलं. आमच्याकडे बाबा झोपण्यापूर्वी घरभर फिरून भिंतीवरची सगळी बटणं बंद करतात, त्यामुळे रात्रभर घड्याळ आणि सेटिंग त्या सेलवरच. सेल बदलला, एक्सएमपी परत चालू केलं. बटणाला टेप लावून ठेवली होती, दुसऱ्या दिवशी ती बाबांनी काढलेली होती.