बंबापुरतं जळण आणि जुना चेनसॉ: पेट्रोलचा की विजेचा?

वळवाच्या पावसात पडलेली गुलमोहराची फांदी, छाटणीत निघालेलं सुबाभूळ आणि परसातल्या बंबाला थंडीभर पुरेल एवढं जळण. काम इतकंच असेल तर नवा चेनसॉ घेणं मला तरी खिशाला उगाच चिमटा वाटतो. वर्षातून मोजक्या वेळा हातात येणारी वस्तू, जुनी बघावी. (उभं झाड तोडायचं असेल तर आधी महापालिकेची परवानगी काढा. १९७५ चा झाडांचा कायदा आपल्या स्वतःच्या आवारालाही लागू आहे. मी बोलतोय ते खाली पडलेल्या लाकडाबद्दल.)

एक पर्याय सुरुवातीलाच बाजूला काढतो. जुन्या मशीनची चौकशी सुरू केलीत की कुणी ना कुणी ५८ सीसीचं चिनी बनावटीचं मशीन पुढे करेलच. स्वस्त असतं, सुटे भागही सहज मिळतात, हे मान्य. पण मनगटाएवढ्या फांद्यांसाठी २२ इंची बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) आणि तेवढं वजन पेलत वाकून उभं राहायचं, हे माझ्या कंबरेला पटलं नाही. तुमची कंबर तरुण असेल तर तुमचं मत वेगळं असू शकेल.

मग उरतात दोन: तीसेक सीसीचा लहान पेट्रोल चेनसॉ, म्हणजे स्टिलचा एमएस १८० ज्या वर्गातला आहे तो, किंवा मकिता, बॉश वगैरेंचा वायरवर चालणारा १,८०० वॉटच्या आसपासचा. दोन्ही प्रकार मी वापरलेत. आकड्यांची तुलना करत बसण्यात फारसा अर्थ नाही. आठ-नऊ इंच जाडीच्या ओल्या गुलमोहरात मला दोघांत फरक जाणवला नाही. वाळक्या बाभळीत पेट्रोलचा थोडा सरस वाटला, पण बाभळीत मशीनपेक्षा चेनची धारच जास्त महत्त्वाची. आणि नारळाचं खोड दोघांचीही धार सारखीच घालवतं.

माझा निर्णय झाला तो वेगळ्याच गोष्टीवरून. पेट्रोलच्या मशीनला नुसतं पडून राहणं सोसत नाही.

पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल, म्हणजे इंजिनाचं वंगण, मिसळणं जुनी चेतक स्कूटर चालवलेल्या पुणेकराला नवीन नाही. पण चेतक रोज निघायची. हे मशीन दिवाळीनंतर कोपऱ्यात जातं ते थेट मे महिन्यात आठवतं. त्यात आता पंपावर मिळतं ते २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल, आणि अशा लहान इंजिनांच्या बहुतेक माहितीपुस्तिकांत मर्यादा लिहिलेली असते १० टक्के. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाण्याचं प्रमाण वाढलं की ते पाण्यासकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंधन ओढणारी नळीही तळाशीच असते. त्या थरात टू-टी ऑईल जवळजवळ नसतंच, म्हणजे मशीन सुरू झालं तरी इंजिन कोरडं चालण्याची भीती. शिवाय कारबोरेटरमधला पातळ रबरी पडदा हळूहळू कडक होतो तो वेगळाच.

मग फांदी फाटकाच्या वाटेत आडवी, गाडी आत अडकलेली आणि आपण दोरी ओढतोय. चोक लावून, चोक काढून, प्लग पुसून, पुन्हा चोक लावून. एकदा फुरफुरतं, आशा लावतं आणि गप्प होतं. शेजारी गॅलरीतून ‘कुऱ्हाड देऊ का?’ विचारतात. मेकॅनिककडे नेलं की ‘कारबोरेटरचं किट टाकावं लागेल’ हे वाक्य ठरलेलं. ठेवण्यापूर्वी टाकी रिकामी करायची आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, हा उपाय खरा आहे. मी तो नेमानं करत असे. त्रास निम्म्यावर आला, संपला मात्र नाही.

विजेवरच्या चेनसॉचीही कटकट आहेच: वायर. सतत पायात येते, आणि आपण कापतोय त्या दिशेलाच नेमकी सरकते. पण ही कटकट डोळ्यांसमोर असते, सांभाळता येते. १,८०० वॉट म्हणजे आठेक अँपिअर, त्यामुळे ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर भागणार नाही, १६ चा पॉवर पॉइंट हवा. एक्स्टेन्शन २.५ चौरस मिलिमीटरच्या थ्री-कोअर वायरचं घ्या आणि रीळ पूर्ण उलगडूनच वापरा, गुंडाळलेली वायर तापते. भुरभुर पाऊस असला तरी हात लावू नका. आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट गेली की तेवढ्यापुरती सुट्टी समजायची. एवढं पाळलं तर महिनोन्‌महिने पडलेलं मशीन खटका दाबताच चालू होतं. खटका सोडला की पूर्ण शांतता, दोन कापांमध्ये घरघर नाही. मला हेच जास्त मोलाचं वाटतं.

अर्थात पानशेत-मुळशीकडे जागा असेल, लाकूड घरापासून लांब पडत असेल किंवा तिकडचं व्होल्टेज बेभरवशाचं असेल, तर वायरचा आग्रह मी धरणार नाही. तिथे लहान पेट्रोल चेनसॉच बरा. फक्त विकणाऱ्याला आधीच सांगा, ‘मी येईपर्यंत सुरू करू नका.’ पोचल्यावर इंजिनाला हात लावून बघा. गरम लागलं तर त्यानं आधी दोरी ओढून ठेवली आहे, आणि का ओढली हे विचारायला हरकत नाही. सायलेन्सर खोलून पिस्टन बघू देत असेल तर उत्तम. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले तर पुढची बोलणी नकोत. सुरू झाल्यावर रेस सोडलेली असताना चेन फिरता कामा नये.

विजेवरच्यात कमी बघावं लागतं. मिनिटभर चालवून जळका वास येतो का, मोटरच्या कार्बन ब्रशपाशी फार ठिणग्या उडतात का आणि बारच्या टोकापर्यंत ऑईल पोचतं का ते पाहा. चालू चेनसॉचं टोक पुठ्ठ्यासमोर धरलं की ऑईलची रेघ उमटायला हवी. चेन ब्रेक, म्हणजे फिरती चेन झटक्यात थांबवणारा, दोन्हींत तपासायचाच. तो लागत नसेल तर फुकटही नको. चेन झिजलेली दिसली तर मात्र बिचकू नका. ती तशीही नवीच घालायची असते, आणि तेवढ्या कारणावरून भाव थोडा पाडून मागता येतो.