इंग्लंडमधलं सिक्स्थ फॉर्मचं करिअर गायडन्स आणि वर्क एक्सपिरियन्स: दीड वर्ष वापरल्यावर

इंग्लंडमध्ये मुलांसाठी शाळा बघताना आपण मराठी आईबाप ऑफस्टेडचा, म्हणजे शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेचा, रिपोर्ट वाचतो, ए-लेव्हलचे (इथल्या बारावीचे) निकाल बघतो, घरापासून बस आहे का ते बघतो. सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीत, करिअर गायडन्स कसं आहे हे मात्र कोणी विचारत नाही. आम्हीही विचारलं नव्हतं. लेक आता इयर १३ मध्ये, म्हणजे बारावीत आहे. विषय मॅथ्स, फिजिक्स, जिऑग्राफी. शाळा सरकारी आहे, तिचं नाव देत नाही. ही सेवा मोफत आहे, पण मोफत मिळालं म्हणून त्यावर मत द्यायचं नाही असं थोडंच आहे.

आधी कागदावर काय आहे ते सांगते, म्हणजे मोजमाप कशाशी करायचं ते कळेल. २०१२ पासून इथे करिअर मार्गदर्शनाची जबाबदारी शाळांवर आली. दोन वर्षांनी शिक्षणतज्ज्ञ सर जॉन होल्मन यांनी गॅट्सबी फाउंडेशन या धर्मादाय संस्थेसाठी आठ निकष मांडले. 'गॅट्सबी बेंचमार्क्स' या नावाने ते प्रत्येक शाळेच्या वेबसाइटवर दिसतात आणि त्यांची सुधारित आवृत्ती सप्टेंबर २०२५ पासून लागू झाली. पालकांच्या कामाचे त्यातले दोनच. एक, प्रशिक्षित सल्लागाराशी समोरासमोर बोलणं, सोळा वर्षांपर्यंत एकदा आणि अठरापर्यंत आणखी एकदा. दुसरा, प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणाचा अनुभव, तोही तसाच दोन टप्प्यांत. हे 'एकदा' लक्षात ठेवा. शाळेने ते एकदा केलं की तिची खूण झाली, मग मूल अजून गोंधळलेलं का असेना.

इयर १२ सुरू झाल्याझाल्या हातात पडलं ते एक सॉफ्टवेअर. मुलांनी लॉगिन करायचं, आवडीनिवडीची प्रश्नावली भरायची, मग ते व्यवसाय सुचवतं. महाराष्ट्रात दहावीच्या मुलांची कलचाचणी व्हायची ना, त्याच जातीचं. लेकीला पहिल्या पानावर आलं: कार्टोग्राफर, हवामानतज्ज्ञ, आर्किटेक्ट आणि का कोण जाणे, पशुवैद्यक. घरात मांजरसुद्धा नाही. विद्यापीठांचे कोर्सेस, लागणारे ग्रेड्स, शिकून झाल्यावरचे पगार हे सगळं एका जागी बघायला मात्र ते खरंच चांगलं आहे आणि त्यासाठी आम्ही ते आजही उघडतो. वैताग येतो तो 'कॉम्पिटन्सी' नोंदवायच्या भागाचा. लीडरशिप, टीमवर्क, रेझिलियन्स अशा रकान्यांत प्रत्येकी एक उदाहरण लिहायचं. सोळा वर्षांच्या मुलांना हे दर टर्मला भरायला लावलं की ती काय करतात? एकाच नेटबॉलच्या मॅचमधून तिन्ही गुण काढतात. ट्यूटर, म्हणजे वर्गशिक्षक, ते वाचत असतील असं मला वाटत नाही.

या सगळ्या सेवेचा खरा कस लागला तो सल्लागाराबरोबरच्या पाऊण तासात. इथे करिअर ॲडव्हायझर हे वेगळं शिक्षण घेऊन केलेलं काम आहे, त्याची लेव्हल सिक्सची, म्हणजे पदवीच्या पातळीची, पात्रता असते. आमच्या शाळेत येणाऱ्या बाई आठवड्यातून ठरावीक दिवशीच असतात, त्यामुळे नंबर लागायला वेळ गेला. लेक 'सिव्हिल इंजिनिअरिंग' हे उत्तर तयार ठेवूनच आत गेली होती, कारण तेवढं उत्तर दिलं की नातेवाईक गप्प बसतात. बाईंनी तिला विचारलं, "तुला पूल कागदावर मांडायला आवडेल, की तो उभा राहत असताना तिथे असायला आवडेल, की तो किती पैशांत आणि कधी पूर्ण होईल हे बघायला?" ही तीन वेगळी करिअर्स आहेत, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मलाही. क्वांटिटी सर्व्हेइंग, म्हणजे बांधकामाच्या खर्चाचा हिशेब बघण्याचा, एक सन्मानाचा, चार्टर्ड दर्जा मिळणारा व्यवसाय आहे, हे आमच्या आयटीने भरलेल्या घरात कोणाच्या गावी नव्हतं. बाईंनी नंतर एका पानाचा 'ॲक्शन प्लॅन' पाठवला, त्यात कुठल्या महिन्यात काय करायचं ते लिहिलं होतं. तो कागद अजून फ्रिजवर आहे.

माझी तक्रार एवढीच की ही भेट मागावी लागते. सल्लागार आहेत हे शाळेच्या पोर्टलवर तीन क्लिक आत लिहिलेलं आहे. ज्यांच्या घरी असली चर्चा होते ती मुलं लवकर नंबर लावतात. ज्यांना जास्त गरज असते ती 'मला काय, माझं ठरलंय' म्हणून मार्च-एप्रिलपर्यंत ढकलतात आणि तेव्हा सगळे स्लॉट भरलेले असतात.

आता वर्क एक्सपिरियन्स. आमच्याकडे इयर १२ च्या परीक्षा संपल्यावर जुलैत एक आठवडा शाळा त्यासाठी मोकळा सोडते. आमची समजूत, आणि बहुतेक पालकांची तशीच असते, की शाळा जागा शोधून देईल. तसं नाही. जागा मुलाने शोधायची. शाळा ती तपासणार. शाळेचं काम विमा, सुरक्षा, फॉर्म, सह्या. ही गोष्ट सप्टेंबरच्या पालकसभेत ठळक सांगायला हवी, पण ती जानेवारीच्या एका ईमेलच्या चौथ्या परिच्छेदात आली.

आणि जागा मिळते ओळखीने. भारतात वशिला म्हणून आपण नाकं मुरडतो, इथे त्याला 'फॅमिली कॉन्टॅक्ट' म्हणतात. लेकीच्या वर्गातल्या एकीचे काका बांधकाम कंपनीत, दुसरीची आई वकील. त्यांचं फेब्रुवारीतच ठरलं. आमच्या ओळखी म्हणजे टेस्टिंग, क्लाउड आणि डेटा. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात विचारून पाहिलं तर चार आयटीवाले, दोन डॉक्टर आणि एक ॲक्च्युअरी निघाले. सगळ्यांनी मनापासून "ये ना आमच्या ऑफिसात" म्हटलं. पण स्टँडअप मीटिंगा बघून पुलाचं काय कळणार?

मग लेकीने आसपासच्या छोट्या स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग फर्म्सना स्वतः ईमेल पाठवले. इथे शाळेच्या प्लेसमेंट कोऑर्डिनेटरने खरी मदत केली. लेकीने लिहिलेला लांबलचक, 'आय ॲम पॅशनेट अबाउट' छापाचा मजकूर त्यांनी पाच ओळींवर आणला: मी कोण, कुठला आठवडा, काय बघायचंय, शाळा कागदपत्रं बघेल, फोन करू का. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही, काहींनी प्रेमाने नाही म्हटलं. एका घरून काम करणाऱ्या आर्किटेक्ट बाई हो म्हणाल्या, तर शाळेने नकार दिला, कारण त्यांच्याकडे एम्प्लॉयर्स लायबिलिटी, म्हणजे कामावरच्या माणसाला इजा झाली तर भरपाई देणारा, विमा नव्हता. माणसं नोकरीवर असली की हा विमा इथे कायद्याने लागतो, किमान पन्नास लाख पौंडांचा. एकट्याने काम करणाऱ्याला लागत नाही, म्हणून तो नसतो. लेक रडकुंडीला आली. मला मात्र शाळेचं चूक वाटलं नाही. कोणी जिन्यावरून पडलं तर तेव्हा कोणाच्या तोंडाकडे बघायचं?

शेवटी दुकानांच्या रांगेवर पहिल्या मजल्यावर ऑफिस असलेल्या एका छोट्या फर्मने होकार दिला. त्यांनाही विम्याचीच धास्ती: सोळा-सतरा वर्षांची मुलगी आली तर वेगळी पॉलिसी काढावी लागेल का? कोऑर्डिनेटरने फोन करून सांगितलं की बहुतेक वेळा असलेल्या पॉलिसीतच वर्क एक्सपिरियन्सची मुलं धरली जातात, विमा कंपनीला एकदा विचारून घ्या. त्या फोनने काम झालं. पोर्टलवरून गेलेला फॉर्म मात्र फर्मच्या जंक फोल्डरमध्ये पडून राहिला, रिमाइंडरही तिथेच गेला आणि मंजुरी आठवडा तोंडावर आल्यावर मिळाली. ती एक गोष्ट अगदी बेकार.

पण तो आठवडा सोन्यासारखा गेला. अशा फर्मचं निम्मं काम म्हणजे लोकांच्या घरातल्या भिंती: स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली एक करायची, मधली भिंत पाडायची, तर वरचा भार पेलायला स्टीलचा बीम केवढा लागेल? तिला पहिल्या दिवशी एक जुनं, मंजूर झालेलं गणित दिलं आणि हाताने करून बघ म्हणाले. ए-लेव्हल मेकॅनिक्समधले मोमेंट्स तिथे होते, फक्त आता त्यावर कोणाचं तरी न्हाणीघर उभं होतं. मग एका व्हिक्टोरियन घरी साइट व्हिजिट. मागच्या अंगणात भिंतीला लागून खड्डा खणला होता, पाया किती खोल आहे बघायला. हेल्मेट, पिवळं जॅकेट, लोखंडी टोकाचे बूट घालून ही कडेला उभी आणि इंजिनिअर आत टेप सोडतोय. शतकभराहून जुनं दुमजली घर, आणि खाली काँक्रीटचा पत्ता नाही. विटांच्या दोन-चार पायऱ्या रुंद होत गेलेल्या आणि त्याखाली थेट चिकणमाती. शेजारच्या झाडाकडे बोट दाखवून त्याने सांगितलं की उन्हाळ्यात मुळं पाणी ओढतात, माती आकसते, भिंतीला तडे जातात. जिऑग्राफीत मातीवर निबंध लिहिणारी माझी मुलगी घरी येऊन त्या खड्ड्याबद्दल रात्री अकरापर्यंत बोलत होती.

याचा उपयोग कुठे झाला ते सांगते. २०२६ च्या प्रवेशांपासून यूकॅसचं (विद्यापीठांचे अर्ज याच संस्थेमार्फत जातात) पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जात स्वतःबद्दल लिहायचा मजकूर, बदललं आहे: आता एक सलग निबंध नाही, तीन प्रश्न आहेत, एकूण मर्यादा मात्र तीच ४,००० अक्षरांची. तिसरा प्रश्न शिक्षणाबाहेर तुम्ही काय तयारी केली आणि ती का उपयोगी पडली हा. लेकीने तिथे तो खड्डा लिहिला. ट्यूटरनी दोनदा वाचून एकही शब्द बदलला नाही, हे त्यांच्या बाबतीत दुर्मीळ आहे.

ज्यांना प्रत्यक्ष जागा मिळाली नाही त्यांनी स्प्रिंगपॉडवरचे ऑनलाइन प्रोग्रॅम केले, काहींनी स्पीकर्स फॉर स्कूल्समार्फत व्हर्च्युअल प्लेसमेंट घेतली, दोन्ही मोफत. लेकीच्या डॉक्टर व्हायचं ठरवलेल्या मैत्रिणीने रॉयल कॉलेज ऑफ जीपीज या फॅमिली डॉक्टरांच्या संस्थेचा 'ऑब्झर्व्ह जीपी' हा ऑनलाइन कार्यक्रम केला, शिवाय शनिवारी वृद्धाश्रमात जाऊन चहा दिला, गप्पा मारल्या. मेडिकलला हॉस्पिटलच हवं असा आपल्या लोकांचा हट्ट असतो, पण मेडिकल स्कूल्स स्वतःच सांगतात की माणसांची काळजी घ्यायचा अनुभव कुठलाही चालेल.

शाळा सर्वांत कच्ची वाटली ती डिग्री अप्रेंटिसशिपमध्ये. नोकरी, पगार, शिवाय पदवी आणि फी शून्य. तीच फी विद्यापीठात २०२५-२६ साली वर्षाला ९,५३५ पौंड होती. असेंब्लीत दोन कंपन्या आल्या, स्लाइड्स दाखवून गेल्या. पण यूकॅसला जशी जानेवारीतली एक तारीख असते तसं इथे काही नाही. प्रत्येक कंपनीचा अर्ज वेगळा, ऑनलाइन टेस्ट वेगळी, आणि मोठ्या कंपन्यांपैकी काहींच्या जागा नाताळाआधीच बंद होतात. ट्यूटरचं सगळं लक्ष यूकॅसकडे होतं. तारखा आम्ही स्वतः वहीत लिहून ठेवल्या.

आणि आपल्यासारख्यांचा म्हणून एक मुद्दा, जो शाळेत कोणालाही नीट माहीत नव्हता. स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्या घरातल्या मुलाला सेटल्ड स्टेटस, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळालेलं नसेल, तर विद्यापीठ बहुधा परदेशी विद्यार्थ्याची फी लावतं आणि सरकारी शैक्षणिक कर्ज मिळत नाही. अप्रेंटिसशिपच्या सरकारी निधीचे नियम वेगळे आहेत: शिक्षणासाठी नसलेला व्हिसा आणि इथे किमान तीन वर्षांचं वास्तव्य, यावर तिथे वाट निघू शकते, अर्थात कंपनीच्या स्वतःच्या अटी असतातच. ओळखीतल्या एका कुटुंबाला हे इयर १३ च्या नोव्हेंबरमध्ये कळलं. त्यांचा मुलगा चांगला हुशार, यूकॅसच्या अर्जातली पाचही विद्यापीठं निवडून बसलेला.

आमच्याकडे सध्या क्वांटिटी सर्व्हेइंगच्या एका अप्रेंटिसशिपचं असेसमेंट सेंटर, म्हणजे निवडीची फेरी, बाकी आहे आणि सिव्हिलच्या दोन कंडिशनल ऑफर्स (ठरलेले ग्रेड्स मिळाले तर प्रवेश) हातात आहेत. ज्यांची मुलं आता इयर ११ मध्ये आहेत त्यांनी सिक्स्थ फॉर्मच्या ओपन इव्हिनिंगला जाताना एवढं विचारून या: सल्लागार आठवड्यातून किती दिवस असतात, मागच्या वर्षी किती मुलांना प्रत्यक्ष जागा मिळाली आणि ज्यांच्या घरी ओळखी नाहीत त्यांच्यासाठी फोन कोण करतं. तिसऱ्या प्रश्नावर समोरच्या शिक्षकाने थेट एखाद्या माणसाचं नाव घेतलं तर फॉर्म भरा. पोर्टलचं नाव घेतलं तर अजून एखादी शाळा बघून या.